थकलेल्यांची मैफल

ऑनलाइन खेळातलं कसब कशात असतं, असं विचारलं तर बहुतेक जण नेमबाजी, बोटांचा वेग किंवा डावपेच यांकडे बोट दाखवतील. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या खेळात मात्र एक पेशा असा होता, ज्याचं सगळं कसब थकून आलेल्या माणसांशी बोलण्यात होतं. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटनं २६ जून २००३ रोजी हा खेळ सुरू केला, तेव्हा नवख्या खेळाडूपुढे सहा मूळ पेशे ठेवले होते: मार्क्समन, ब्रॉलर, स्काउट, मेडिक, आर्टिसन आणि एन्टरटेनर. यातला एन्टरटेनर नाचायचा, वाद्य वाजवायचा, इतरांचे केस आणि चेहरे पालटून द्यायचा. पुढे त्यातूनच डान्सर, म्युझिशियन आणि इमेज डिझायनर अशा वाटा फुटत. वरवर पाहता हे काम सहायकाचं, लढणाऱ्याच्या मागे उभं राहण्याचं. जवळून पाहिलं की वेगळंच दिसतं. नाच आणि वादन संगणक करून दाखवत होता. समोर जमलेली गर्दी सांभाळणं मात्र माणसालाच करावं लागत होतं, आणि या खेळाला वस्तीचं रूप आलं त्यात या कामाचा वाटा फार मोठा होता.

गर्दी का जमे, हे आधी समजून घ्यायला हवं. या खेळात प्रत्येक पात्राची ताकद हेल्थ, अॅक्शन आणि माइंड अशा तीन पट्ट्यांत विभागलेली होती. लढाईत झालेली काही इजा थोड्या वेळानं आपोआप भरून येई. पण काही जखमा पट्टीची कमाल मर्यादाच खाली आणत आणि त्या आपण होऊन भरत नसत. शरीराच्या जखमा डॉक्टरकडे बऱ्या होत. मनाच्या जखमा बऱ्या होत त्या फक्त एन्टरटेनरसमोर. याशिवाय ‘बॅटल फटीग’ नावाचा थकवा साठत जाई. तो वाढला की डॉक्टरच्या उपचारांचाही गुण कमी येई, आणि तो उतरवायचा उपायही नाच-गाण्यातच होता. म्हणून जंगलात दिवसभर शिकार करून आलेला शिकारी आणि हद्दीवर झुंजून आलेला सैनिक दोघेही शेवटी थीड, कॉरोनेट किंवा मॉस आइझ्ली अशा शहरांतल्या कॅन्टिनात, म्हणजे मद्यालयात, येऊन उभे राहत. तिथं एका नर्तकाला पाहण्यासाठी ‘वॉच’ आणि एका वादकाला ऐकण्यासाठी ‘लिसन’ अशी आज्ञा आपल्या पात्राला द्यायची आणि थांबायचं. उपचार हळूहळू होत, त्यामुळे मिनिटांमागून मिनिटं जात. खेळाच्या आखणीची सूत्रं राफ कॉस्टर यांच्याकडे होती. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’चे ते प्रमुख आखणीकार होते. लोकांना एकमेकांची गरज पडली की ओळखी होतात आणि ओळखीतून वस्ती उभी राहते, हे त्यांच्या आखणीमागचं सूत्र या एका जागी अगदी उघड दिसतं.

आता एन्टरटेनरच्या जागी उभं राहून ही गर्दी पाहा. नाच एकदा सुरू केला की पात्र आपोआप नाचत राहतं. मधूनमधून ‘फ्लरिश’ म्हणजे एखादी ठरावीक गिरकी किंवा लकेर द्यायची, एवढंच हाताला काम. पण पडद्यावर त्याच वेळी पाच माणसं बोलत असतात. या खेळातलं बोलणं ठरावीक अंतरापर्यंतच पोचे आणि बोलणाऱ्याच्या डोक्यावर फुग्यात उमटे. गर्दी वाढली की फुग्यावर फुगा चढे आणि कोण कोणाला काय म्हणालं ते शोधावं लागे. त्यातच खासगी निरोप येत. एकाला निघायची घाई असते, दुसऱ्याला जखमा भरल्यावर पुढच्या लढाईसाठी मनाची पट्टी तात्पुरती वाढवून हवी असते, तिसरा काल सुरू झालेला नवखा असतो आणि आपण इथं का उभे आहोत हेच त्याला कळलेलं नसतं. अशा वेळी चांगला एन्टरटेनर आत येणाऱ्याला नावानं हाक मारी, नवख्याला आज्ञा समजावून देई, घाईत असलेल्याला साधारण किती वेळ लागेल ते सांगे आणि या सगळ्यात फ्लरिश चुकू देत नसे. उशिरा आलेल्या श्रोत्याला नजरेनंच जागा दाखवणारा कीर्तनकार अभंगाची ओळ सोडत नाही. हे अवधान त्याच जातीचं आहे. लढणाऱ्या खेळाडूचं लक्ष एका शत्रूवर रोखलेलं असतं. या माणसाला ते वीस जणांत वाटायचं असे, आणि प्रत्येकाला आपल्याकडे लक्ष आहे असं वाटायला हवं असे.

हे काम एकट्याचंही नव्हतं. वादक गट करून बसले की सगळ्यांना एकच गाणं धरावं लागे. गटाच्या म्होरक्यानं इशारा दिला की सगळ्यांच्या वाद्यांतून एकदम लकेर उठे. फिझ, स्लिदरहॉर्न, मँडोव्हिऑल, नालार्गन अशी वाद्यं अंगच्या कौशल्यानुसार हाती येत. पात्राला मिळून २५० कौशल्यगुण वापरता येत, म्हणून नर्तक आणि वादक दोन्हींत पारंगत व्हायचं तर लढाईतलं बरंच काही सोडावं लागे. शिवाय कोणत्याही पेशात शेवटची ‘मास्टर’ पायरी गाठायची तर आधी दुसऱ्या खेळाडूंना शिकवून पुण्याई जोडावी लागे. म्हणजे गर्दीतला नवखा हा उद्याचा शिष्य होता आणि त्याच्याशी नीट बोलणं हा धंद्याचाच भाग होता. मोबदला बहुतेक वेळा बिदागीच्या रूपात येई. ती द्यायची की नाही, किती द्यायची, हे पाहणाऱ्याच्या मनावर असे. जो माणूस प्रेक्षकांशी बोलत नाही त्याला बिदागी कशी मिळणार? उलट गैरवागणूक करणाऱ्याला सेवा नाकारण्याची सोयही एन्टरटेनरला होती. गर्दी सांभाळण्यात गर्दीला आवर घालणंही येतं, हे आखणाऱ्यांनी ओळखलं होतं.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे. खेळात आज्ञांची साखळी लिहून ठेवण्याची, म्हणजे मॅक्रोची सोय होती. अनेक एन्टरटेनर मॅक्रो लावून जेवायला किंवा झोपायला जात. पात्र रात्रभर नाचत राही, जखमा भरत राहत आणि आभाराचं ठरावीक वाक्यही आपोआप उमटे. मग यात कसब कुठलं? माझ्या मते हा आक्षेप उपचाराबद्दल खरा आहे, कामाबद्दल नाही. मॅक्रोनं सिद्ध एवढंच केलं की जखम भरणं हा भाग यंत्रावर सोपवता येतो. ज्या कॅन्टिनात सगळेच नर्तक अशा यांत्रिक झोपेत असत, तिथं प्रेक्षक जखमा भरताच निघून जाई, कारण थांबण्याचं दुसरं काही कारणच उरत नसे. जिथं एक जागा माणूस असे तिथं काम संपल्यावरही लोक रेंगाळत, शिकारीला सोबती मिळवत, सौदे ठरवत. नाच तोच, उपचार तेवढाच. फरक पडे तो फक्त लक्ष देणाऱ्या माणसामुळे. मॅक्रोनं या पेशाची किंमत कमी केली असं म्हणण्यापेक्षा, ती किंमत नेमकी कशाची होती हे मॅक्रोनंच वेगळं काढून दाखवलं, असं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. खेळणारा पैसे मोजून येतो. त्याला बळजबरीनं एका खोलीत उभं करून ठेवण्याचा अधिकार आखणाऱ्याला कोणी दिला? रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली अशा खेळांतल्या खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: यश मिळवणारे, धुंडाळणारे, गाठीभेटी हव्या असणारे आणि दुसऱ्याला मारण्यात रमणारे. यातल्या तिसऱ्याच्या आनंदासाठी बाकीच्यांना खोळंबा का? शिवाय २००७ साली आलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’मध्ये संगीत ऐकण्याची कोणावर सक्ती नाही, तरी तिथल्या खेळाडूंनी वेदरटॉपच्या टेकडीवर ‘वेदरस्टॉक’ नावाचा वार्षिक संगीतमेळा भरवला आणि लोक आवडीनं जमले. हे सगळं मान्य. सक्तीचा खोळंबा कित्येकांना जाचक होता, आणि एका कामगिरीनंतर दहा मिनिटं उभं राहावं लागलं तर चीड येणं स्वाभाविक आहे. तरीही मेळा आणि रोजची बैठक यांत फरक आहे. मेळ्याला ज्यांना आधीच संगीत आवडतं ते येतात. कॅन्टिनात जो कधीच आला नसता तोही येई, आणि सैनिक, व्यापारी, नवखा असे वेगवेगळ्या वाटांचे लोक एका छताखाली सापडत. अशी सरमिसळ आवडीवर सोडली तर रोज घडत नाही. सक्ती सौम्य करायला हवी होती, वेळ कमी करायला हवा होता. पण गरजेचा धागा पार तोडला तर गर्दीही जाते आणि ती सांभाळणाराही जातो.

पुढे घडलं ते याला पुष्टी देणारं आहे. एप्रिल २००५ मध्ये लढाईची पद्धत बदलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘न्यू गेम एन्हान्समेंट्स’ या नावानं सगळा खेळच नव्यानं बेतला आणि पेशे मोडून नऊ साचे उरले. त्यात एन्टरटेनर टिकला. पण जुन्या जखमा आणि थकव्याची जी वीण त्याला प्रत्येकाशी बांधत होती ती गेली, आणि तो मुख्यतः लढाईआधी बळ वाढवून देणारा उरला. १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ बंद झाला. मात्र ‘एसडब्ल्यूजी इम्यू’ या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी जो खेळ पुन्हा उभा केला, तो एप्रिल २००५ आधीचा आहे. त्यात मनाच्या जखमा आहेत, थकवा आहे आणि त्यासाठी कॅन्टिनात जाऊन उभं राहणंही आहे. ज्याला खोळंबा म्हणून नावं ठेवली गेली, तेच लोकांनी स्वतःच्या हातांनी परत आणलं. खेळ आखणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: सहायकाला केवळ उपचाराचं यंत्र करू नये, त्याच्यासमोर माणसं थांबतील अशी जागा ठेवावी. आणि खेळणाऱ्यांनी, आपल्यासाठी कोणी नाचत-वाजवत उभं असेल तर पट्टी भरल्याबरोबर पाठ फिरवू नये. निदान दोन शब्द बोलून निघावं.