पाण्याखालच्या घराचे छायाचित्र

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि काठची अनेक गावे जलाशयाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात. परंतु तेथे संसार केलेल्या स्त्रियांचे गाव मंदिरापुरते नव्हते. पाणवठा, परसातील तुळस, चुलीजवळचा कोनाडा यांना भूसंपादनाच्या कागदांत जागा नसते. तेथे घर म्हणजे मोजमाप व मोबदला, आणि तोही बहुधा पुरुषाच्या नावे.

१९९२ साली चीनच्या युनान प्रांतात खेड्यांतील स्त्रियांच्या हाती कॅमेरे देण्यात आले. कॅरोलाइन वांग व मेरी ॲन बरिस यांच्या या प्रयोगातून पुढे आलेली पद्धत नंतर निर्वासित स्त्रियांसाठीही वापरली गेली. तीत काय टिपावे हे स्त्रीच ठरवते आणि तिचे कथन चित्राइतकेच मोलाचे मानले जाते.

घर बुडाले तेव्हा कॅमेरा कोठे होता, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. पण सोबत आणलेले जाते किंवा उखळ अद्याप एखाद्या घरी असेल. नातीने मोबाइल आजीच्या हाती द्यावा. आजीने जात्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते जुन्या घरात कोणत्या भिंतीशी असे, हे सांगावे. शिक्षकांनी ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, जुन्या गावाचे नाव व तारीख घालावी. तिच्या संमतीवाचून मात्र ते चित्र पंचायतीच्या भिंतीवरही लावू नये. धरण झाले तेव्हा विशीत असलेल्या सुनांनी आता साठी ओलांडली आहे.