घड्याळाशेजारची चिन्हे

आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या मनुष्याला एकाच क्रियेचे चार अर्थ मानवत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर घड्याळाशेजारी लहान चिन्हांची जी रांग दिसते, तिच्याविषयी माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ही रांग १९९५ साली ‘विंडोज ९५’बरोबर आली. तीतील कर्ण्यावर एकदा क्लिक केले की आवाजाची पट्टी उघडे, दोनदा केले की ध्वनिनियंत्रणाची पूर्ण खिडकी. इतर चिन्हांची रीत निराळी. काहींना एका क्लिकचा पत्ताच नसे. याचे कारण असे, की विंडोज केवळ ‘बटण दाबले’ हा निरोप त्या त्या प्रोग्रॅमकडे पोहोचविते. त्याचा अर्थ लावणे सर्वस्वी प्रोग्रॅमकर्त्याच्या हाती. म्हणजे धातू एक आणि घरोघरी त्याची रूपे वेगळी!

डबल क्लिकमध्ये आणखी एक मेख आहे. दोन दाबांत मूळ मर्यादेहून, म्हणजे ५०० मिलिसेकंदांहून, अधिक अंतर पडले तर संगणक त्यांना दोन सुटे क्लिक समजतो. ही मर्यादा वाढविता येते. पण माझ्या सत्तरी ओलांडलेल्या बोटांना हे कोणी बरीच वर्षे सांगितले नव्हते. खिडकी उघडेना, आणि चूक माझीच असे मी धरून चाललो होतो.

उबुंटूने २०१० साली डाव्या-उजव्या दोन्ही बटणांनी एकच यादी उघडणारी चिन्हे आणली. एका क्लिकचे काम त्यामुळे दोन क्लिकवर गेले, हे खरे. मला मात्र डाव्या बटणाने मुख्य काम आणि उजव्याने यादी, हीच वाटणी रास्त वाटते. डबल क्लिक ज्यांना साधतो त्यांनी तो खुशाल करावा. केवळ त्यानेच उघडेल असे मात्र काही ठेवू नये.