सायकलवरून अरवलीच्या वनात

दिल्ली म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे सपाट मैदान येते. परंतु हिवाळ्यातील एखाद्या सकाळी आपण गुरुग्रामहून फरीदाबादच्या रस्त्याने सायकलवर निघालात, तर पहिल्याच चढावर आपले पाय सांगतील, की हा अरवली पर्वत आहे! गुजरातेतून सुमारे ७०० किलोमीटर चालत आलेली ही प्राचीन रांग दिल्लीतच यमुनेपाशी संपते.

रस्त्याच्या दुतर्फा दिसणारी काटेरी झाडी बहुतांशी विलायती बाभळीची. ती मूळची अमेरिकेतली. तिच्या दाटीत देशी झाडांना वाव उरत नाही. डोंगरात जागोजागी जुन्या दगडखाणींचे खोल खड्डे आहेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने या भागातील खाणकामास मनाई केली.

आता मांगर गावाकडे वळावे. येथील 'मांगर बनी' ही कोकणातल्या देवराईसारखीच. गुदरिया बाबांच्या नावाने राखलेल्या या दरीत गावकरी फांदीही तोडत नाहीत. म्हणूनच आपल्या धावड्याचा भाऊबंद 'धौ' येथे दाट उभा आहे. खाणींनी डोंगर पोखरले, पण एका श्रद्धेने ही दरी वाचली.

सायकली गावातच ठेवाव्यात आणि गावकऱ्यांची अनुमती घेऊन पायीच जावे. या रानात बिबटे आहेत आणि रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. म्हणून उजाडल्यावर, चौघांच्या सोबतीने निघावे. पाणी पुरेसे घ्यावे. मुलांनाही ही देवराई अवश्य दाखवावी; पुढे ती राखायची आहे त्यांनाच.