शाळेच्या संगणकात साऊंड कार्ड बसवताना



गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरीच्या वर्गात मी प्रकट वाचनाचं रेकॉर्डिंग सुरू केलं. एकेका मुलाने शाळेच्या संगणकासमोर बसायचं, माईकसमोर एक उतारा वाचायचा आणि मग हेडफोन लावून स्वतःचाच आवाज ऐकायचा. मुलांना हा प्रकार भलताच आवडला. आमच्या वर्गात काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला बाहेर असतात, मुलं आजीआजोबांजवळ राहतात. त्या पालकांना मी ते वाचन मोबाईलवर पाठवायला लागले.

त्यातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. "बाई, पोरगी वाचतीय का खरंच? नुसती खरखर येतीय, तिचा आवाजच न्हाई." मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. खरंच, मागे सर्र असा आवाज आणि त्यात बुडालेलं काहीतरी पुटपुटणं. मुलगी मुळातच हळू बोलणारी. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. तेच रेकॉर्डिंग ऐकून मी तिच्या वर्णनात्मक नोंदीत 'उच्चार अस्पष्ट, श आणि स मधील फरक स्पष्ट होत नाही' असं लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून वाचून घेतलं. श, ष, स, ण, ळ सगळं स्वच्छ. दोष संगणकाचा होता आणि नोंद मुलीच्या नावावर झाली होती.

या सगळ्यातून संगणकात वेगळं साऊंड कार्ड बसवण्यापर्यंतचा प्रवास झाला. मी काही हार्डवेअरवाली नाही, डी.एड. झालेली साधी शिक्षिका आहे. पण हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी साऊंड कार्ड करतं काय ते बघू. आवाज म्हणजे हवेतली लाट. माईक त्या लाटेचं विजेच्या बारीकशा लाटेत रूपांतर करतो. संगणकाला लाट कळत नाही, आकडे कळतात. साऊंड कार्ड त्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवतं. १६ बिटचं रेकॉर्डिंग असेल तर मोजपट्टीवर ६५,५३६ खुणा असतात. चौथीच्या मुलांना आपण आलेखाच्या कागदावर ठिपके देऊन रेषा काढायला लावतो ना, तसंच. ऐकताना उलटं काम: आकड्यांवरून पुन्हा लाट बनवायची आणि स्पीकरला द्यायची.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आवाजासाठी फक्त एक छोटा स्पीकर होता, बीप करणारा. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब कंपनीचं संगीताचं कार्ड आलं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर आणलं. त्यात आवाज रेकॉर्ड करण्याचीही सोय होती. पुढे १९९७ पासून इंटेलच्या पुढाकाराने ही सोय मदरबोर्डवरच यायला लागली आणि वेगळं कार्ड घेण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. आज आपण हिरव्या-गुलाबी भोकात पिन खुपसतो ती मदरबोर्डवरचीच सोय.

मग त्यात अडचण काय? माईकमधून येणारी लाट फारच क्षीण असते. ती आधी कितीतरी पटीने वाढवावी लागते. हे वाढवण्याचं काम मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात, प्रोसेसर, पंखे, सप्लाय यांच्या गर्दीत चालतं. स्वस्त किंवा जुन्या बोर्डवर ही गर्दीही आवाजाबरोबर वाढून येते. श आणि स यांचा आवाज बराचसा उंच पट्टीतला असतो, आणि सर्र असा आवाजही तिथेच पसरलेला असतो. म्हणून सगळ्यात आधी हीच अक्षरं मारली जातात. प्राथमिकच्या शिक्षकाला नेमकी हीच ऐकायची असतात!

आता महत्त्वाचं. खरखर आली म्हणजे लगेच कार्ड आणायला पळू नका. आधी कान देऊन ऐका, कारण खरखर तीन प्रकारची असते.

पहिली, रोहित्राजवळ उभं राहिल्यासारखी 'हंऽऽ' अशी घुमणारी. ही घरातल्या ५० सायकलच्या विजेची. बहुतेक वेळा अर्थिंग नीट नसतं. आमच्या शाळेत हेच निघालं. थ्री-पिन बोर्ड होता, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि घुमणं जवळजवळ गेलं. कुणी सांगेल की पिनचा मधला जाड पाय काढून टाका, आवाज जातो. अजिबात ऐकू नका. मुलं हात लावतात त्या लोखंडी डब्याला शॉक येऊ नये म्हणूनच तो पाय असतो.

दुसरी, माउस हलवला की चिरचिर, फाईल उघडली की टिकटिक. ही मदरबोर्डवरची गर्दी. इथे वेगळ्या कार्डाचा फायदा होतो.

तिसरी, पावसासारखी सलग सर्र. ही माईकची असू शकते किंवा माईकचा आवाज वाढवणाऱ्या भागाची. आपला माईक दुसऱ्या संगणकाला लावून बघायचा. मी माझा माईक सहकारी सरांच्या घरच्या संगणकाला लावला, आवाज स्वच्छ आला. म्हणजे माईक निर्दोष. सेटिंगमधलं 'माईक बूस्ट' पूर्ण वर नेलेलं असेल तरीही सर्र वाढते, ते आधी कमी करून बघा.

आणखी एक साधी गोष्ट, जिने बऱ्याच जणांना फसवलंय. मोबाईलच्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतात, संगणकाच्या माईकच्या पिनवर दोन. मोबाईलवाला हेडफोन गुलाबी भोकात लावला तर माईक बहुधा चालतच नाही. त्यासाठी एकाचे दोन करणारी छोटी वायर मिळते.

एवढं करून माझी दुसरी आणि तिसरी खरखर राहिली, तेव्हा कार्ड घ्यायचं ठरवलं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. शाळेचा संगणक आहे, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, वर कंपनीचं सील असेल तर ते तोडण्याआधी वॉरंटी संपली आहे का हे बघायलाच हवं. आमची संपलेली होती.

कार्ड विकत घेण्याआधी सीपीयूचा डबा उघडून आत कोणती खाच रिकामी आहे ते बघा. जुन्या बोर्डवर पांढऱ्या रंगाची लांब खाच दिसते, साधारण साडेआठ सेंटिमीटर. ती पीसीआय. नव्या बोर्डवर अडीच सेंटिमीटरची छोटी खाच असते, ती पीसीआय एक्सप्रेस एक्स-वन. दोन्हींची कार्डं वेगळी, एक दुसऱ्यात बसत नाही. छोट्या खाचेचं कार्ड त्याच जातीच्या लांब खाचेत मात्र बसतं आणि चालतं. डबा उभट-सडपातळ असेल तर कार्डाबरोबर अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी येते का हे विचारून घ्या, नाहीतर झाकण बंद होणार नाही. मला तालुक्याच्या दुकानात साडेअकराशेला साधं कार्ड मिळालं. दुकानदाराला आतला फोटोच दाखवला, म्हणजे वाद नको.

बसवायच्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा सुटलेली. संगणक पूर्ण बंद केला, भिंतीतून पिन काढली आणि मग चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं. आत उरलीसुरली वीज असते ती याने निघून जाते. मागच्या सगळ्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढला, मगच त्या काढल्या. हा फोटो काढायचा कंटाळा करू नका.

थंडीच्या कोरड्या दिवसांत, त्यातून सिंथेटिक साडी किंवा स्वेटर असेल तर अंगावर स्थिर वीज साठते. केसांवर फुगा घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग आपणच मुलांना दाखवतो, तीच ही वीज. आपल्याला ती जाणवतही नाही, पण चिपला मारू शकते. म्हणून आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावायचा, आणि अधूनमधून लावत राहायचा. सप्लायचा बंद चौकोनी डबा मात्र कधीही उघडायचा नाही.

बाजूचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढले की सरकतो. आत इतकी धूळ होती की आधी मऊ ब्रशने ती काढली. मग ज्या खाचेत कार्ड बसवायचं तिच्यासमोरची मागची लोखंडी पट्टी काढली. दोन खाचा रिकाम्या असतील तर ग्राफिक्स कार्ड आणि सप्लायपासून लांबची निवडा. पट्टीचा स्क्रू माझ्या हातून सुटला आणि बोर्डवर पडला. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. तिथेच राहिला आणि संगणक चालू केला तर शॉर्ट होऊ शकतं.

कार्ड कडेला धरायचं, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही. कार्डाची खाच आणि स्लॉटमधली आडकाठी जुळवायची आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देत सरळ खाली दाबायचं. पहिल्यांदा मी घाबरून अर्धवटच दाबलं होतं. सोनेरी भाग दिसेनासा झाला की समजायचं बसलं. मग स्क्रू. स्क्रू आवळताना कधीकधी कार्डाचं मागचं टोक वर उचललं जातं, तेवढं पुन्हा बघून घ्या. डब्याच्या पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या भोकांची वायर मदरबोर्डला जोडलेली असते, ती मी तशीच ठेवली. त्यामुळे पुढची भोकं जुन्याच सोयीवर चालतात आणि नवीन कार्ड फक्त मागून.

संगणक चालू झाल्यावर विंडोज बहुतेक वेळा कार्ड स्वतःच ओळखतं. नाही ओळखलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतं. मग कार्डाचा नेमका मॉडेल नंबर बघून कंपनीच्याच साईटवरून ड्रायव्हर घ्यायचा. आपलं विंडोज ३२ बिट आहे की ६४ हे आधी बघा. कार्डाबरोबर सीडी येते, पण आमच्या संगणकाला सीडी ड्राईव्हच नाही! मी घरून पेनड्राईव्हवर आणला.

इथे माझा अर्धा तास वाया गेला. कार्ड दिसतंय, ड्रायव्हर आहे, आणि आवाज शून्य. दोन चुका होत्या. एक, स्पीकरची पिन मी सवयीने जुन्याच हिरव्या भोकात लावली होती. दोन, विंडोज अजून जुनंच डिव्हाइस वापरत होतं. साऊंडच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग असे दोन टॅब असतात. दोन्हीकडे नवीन कार्डावर राईट क्लिक करून 'सेट ॲज डिफॉल्ट' करावं लागतं. एकाच टॅबमध्ये केलं तर ऐकू येतं पण रेकॉर्ड होत नाही. मॉनिटरला एचडीएमआय वायर असेल तर त्याचंही नाव यादीत येतं, त्याने गोंधळू नका. नवीन कार्डाची हिरवी पिन स्पीकरची, गुलाबी माईकची, निळी बाहेरच्या टेप किंवा मोबाईलचा आवाज आत घेण्याची.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढा खटाटोप कशाला, यूएसबीचं छोटं साऊंड कार्ड मिळतं की काही शे रुपयांत. बरोबर आहे. लॅपटॉप असेल किंवा डबा उघडायचा नसेल तर तेच घ्या. ते डब्याच्या बाहेर राहतं, त्यामुळे आतल्या गर्दीपासून लांब असतं. माझ्या वर्गात मात्र पेनड्राईव्हएवढी वस्तू संगणकाला लटकलेली असली तर आठवडाभरात कुणाच्या तरी कंपासपेटीत जाते. घरी एकट्या मुलासाठी घेणाऱ्या पालकांना मी यूएसबीच सुचवेन. आणि मोबाईलवर का नाही, असंही विचाराल. काही दिवस केलंच. पण मोबाईल माझा एकटीचा, मध्येच फोन येतो, आणि मुलाने स्वतःचं वाचन निवांत परत ऐकणं राहून जातं.

कार्डानंतर मी ऑडासिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोनो, ४४,१०० वर रेकॉर्डिंग घेते. माईक तोंडासमोर धरला तर प, फ, भ ला फट्‌ असा वारा लागतो, म्हणून गालाच्या बाजूला एक वीत अंतरावर. पंखा बंद. सुरुवातीला पाच सेकंद कुणीही बोलायचं नाही, म्हणजे खरखर किती आहे ते आधीच कळतं. ती पाच सेकंदं शांत आली तरच मी ते रेकॉर्डिंग नोंदीसाठी वापरते.

त्या मुलीचं वाचन सोमवारी पुन्हा घेतलं. जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं, 'वरील नोंद सदोष रेकॉर्डिंगवरून झाली होती. उच्चार स्पष्ट आहेत, आवाज हळू.' आणि नवीन रेकॉर्डिंग तिच्या आईला पाठवलं. रात्री साडेनऊला उत्तर आलं, आवाजातच. मागे बैलगाडीचा आणि माणसांचा गलका. "ऐकलं बाई. समद्यांनी ऐकलं."