‘सध्या काय करतोस?’ : लांबलेली बेरोजगारी आणि नकारांचा हिशोब

घाटात रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आजचा विषय जरा जड आहे, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं नोकरी नाही. अर्ज चालू आहेत, नकार येतायत किंवा काहीच येत नाहीये. अशा वेळी माणसाचं नेमकं काय होतं आणि त्यात टिकून कसं राहायचं?

उर्से म्हटलं की बाहेरच्यांना एक्सप्रेसवेचा टोलनाका आठवतो. आपल्याला आठवतात सकाळच्या शिफ्टच्या कंपनी बसेस. इथे कोण कामावर जातंय आणि कोण घरी आहे हे लपत नाही. मग लग्नात, पारावर, किराणा दुकानात तोच प्रश्न येतो, ‘सध्या काय करतोस?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणारा पुढच्या लग्नाला जायचंच टाळतो. खरं नुकसान इथून सुरू होतं. त्याकडे आपण येऊच, पण आधी नकारांचं बघू.

नकार म्हणजे तुमच्यावरचा निकाल नाही

थोडं गणित करू. समजा, एका अर्जातून नोकरी मिळण्याची शक्यता १०० पैकी २ आहे. मग ५० अर्ज केल्यावरही एकही होकार नसण्याची शक्यता निघते साधारण ३६ टक्के. १०० अर्जांनंतरसुद्धा १३ टक्के. म्हणजे तुमच्याच लायकीची शंभर मुलं घेतली, तर त्यातल्या तेराजणांच्या हातात शंभर नकारांनंतरही काही नसेल. त्यांच्यात खोट आहे म्हणून नाही, गणितच तसं आहे म्हणून. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या वर होतं. रांग खरोखरच मोठी आहे.

पण ‘नशीब’ म्हणून सोडूनही देऊ नका. कोडमध्ये बग आला तर आपण अख्खा प्रोग्रॅम टाकून देत नाही, तो कुठल्या ओळीवर अडकतोय ते बघतो. इथेही तेच करा. एक साधी शीट बनवा आणि प्रत्येक अर्ज कुठल्या पायरीवर थांबला ते लिहा. फोनच येत नसेल तर अडचण रेझ्युमेत किंवा चुकीच्या जागी अर्ज करण्यात आहे. फोन येतात पण पहिल्या राउंडला गाडी अडते, तर सराव कमी पडतोय. शेवटच्या राउंडपर्यंत जाऊन नकार येत असेल, तर तुम्ही दारापाशी आहात; तिथे दोन बरोबरीच्या माणसांतून एक निवडला जातो. तिन्हींवर उपाय वेगळा आहे. सगळ्या नकारांची एकच मोळी बांधली की मात्र त्याचा अर्थ एकच लागतो, ‘मीच वाईट.’

कधीकधी अख्खं गावच नाकारलं जातं

तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट आठवा. २००८ मध्ये सुरू झाला. कंपनीने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, मग इथे फक्त निर्यातीसाठी उत्पादन चालू राहिलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद. हजाराहून जास्त कामगारांचा प्रश्न उभा राहिला, आंदोलनं झाली, वाद कोर्टात गेला. मधे एका चिनी कंपनीशी ठरलेला सौदाही फिसकटला. शेवटी प्लांट ह्युंदाईकडे गेला तो जानेवारी २०२४ मध्ये. तीन वर्षं! त्या तीन वर्षांत रोज वेळेवर पंच करणाऱ्या, स्किल असलेल्या माणसाला घरी बसावं लागलं. निर्णय डेट्रॉइटमध्ये झाला होता, त्यात कुणाचाही रेझ्युमे कुणी वाचला नव्हता.

वेदांता-फॉक्सकॉनचंही तसंच. तळेगावची चर्चा होती, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये १ लाख ५४ हजार कोटींचा तो प्रकल्प गुजरातला जाहीर झाला. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. ज्या नोकऱ्यांवर आपण इथे भांडत होतो, त्या ठरल्या रूपात कुठेच आल्या नाहीत.

मारिएनथाल नावाचं एक गाव

आता जरा लांब जाऊ. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं, एकाच कापड गिरणीवर जगणारं. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली. ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश घरांत कमावणारं कुणी उरलं नाही. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले, लोकांत मिसळले आणि १९३३ मध्ये त्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांना वाटलं असेल की लोकांकडे आता वेळच वेळ आहे, म्हणजे वाचन वाढेल. झालं उलटंच. वाचनालयाची फी काढून टाकली होती, तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यात हळू चालू लागले, उगाच थांबू लागले. बऱ्याच जणांनी घड्याळ बाळगणं सोडलं. दिवसभरात काय केलं हे विचारलं तर सांगता येईना. बायकांचं तसं झालं नाही, कारण पैसे नसले तरी घरकाम त्यांना सुटलं नव्हतं.

याहोडाने पुढे यातून मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून करायचं काम, समाजात ओळख आणि हातपाय हलत ठेवण्याची सक्ती. नोकरी गेली की पाचही एकदम जातात. त्यामुळे दुपारी दोनला रील्स बघत पडलेला मुलगा आळशी आहे असं समजू नका. त्याच्याखालची पाच खांबांची माचीच निघाली आहे.

चांगली बातमी ही की पगार आपल्या हातात नाही, पण या पाचातल्या तीन-चार गोष्टी आहेत. म्हणून:

- उठायची वेळ पक्की ठेवा. अर्ज आणि सराव रोज तीन-चार तास, ठरलेल्या वेळी. त्यानंतर पोर्टल बंद. रात्री एकला मेल रिफ्रेश करून कुणालाही नोकरी लागलेली नाही.
- शक्य असेल तर घराबाहेर बसा. तळेगावची एखादी अभ्यासिका, मित्राची खोली, काहीही.
- आठवड्यात एक काम असं घ्या, ज्यासाठी कुणीतरी तुमची वाट बघेल. मुलांची शिकवणी, मंडळाचा हिशोब, शेतातली मदत.
- अप्रेंटिसशिप ‘खालची’ समजू नका. स्टायपेंड कमी असतो, पण पाचही खांब परत उभे राहतात.
- नोकरी देण्याआधी ‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दमलेला माणूसच तिथे सापडतो.

गॅपचं काय सांगायचं?

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे १२ हजार बनावट रेझ्युमे पाठवले गेले. बेरोजगारी लांबली तसे कॉल कमी झाले, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. म्हणजे गॅपचा फटका खरा आहे, उगाच नाकारू नका. पण तो दर महिन्याला वाढतच जातो असंही नाही. आणखी एक गोष्ट दिसली: जिथे मुळात नोकऱ्याच कमी, तिथे गॅपवरून माणसाला कमी जोखलं जातं. तेव्हा इंटरव्ह्यूत गॅप दोन वाक्यांत सांगा, त्या काळात काय शिकलात ते एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. माफी मागत बसू नका.

राग कुठे ठेवायचा?

१९९४ चा एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. नोकरी गेलेले ६३ लोक, बरेचसे इंजिनिअर. काहींना पाच दिवस, रोज २० मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनातलं सगळं लिहायला सांगितलं. आठ महिन्यांनी पाहिलं तर लिहिणाऱ्यांपैकी जास्त जणांना नोकरी मिळाली होती. त्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केले नव्हते. संशोधकांचा अंदाज असा की राग कागदावर उतरल्यामुळे तो इंटरव्ह्यूच्या खोलीत आला नाही. अभ्यास लहान आहे, पण वही-पेन स्वस्त आहे. करून बघायला हरकत नाही.

घरच्यांशीही एकदा नीट बोला. ‘दर रविवारी काय झालं ते मी सांगेन, रोज विचारू नका,’ असं आई-बाबांना सांगता येतं. ते काळजीपोटी विचारतात. ठरलेली वेळ दिली की त्यांचीही धडधड कमी होते.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते एकट्याने ओढायचं काम नाही. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, सरकारी आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. लगेच फोन करा. घरातल्या एकाला तरी सांगा.

तुमच्यापैकी ज्यांना नोकरी आहे, त्यांच्यासाठी एकच काम. तुमच्या ग्रुपमधला जो मित्र हल्ली ग्रुपवर काहीच लिहीत नाही, त्याला आज फोन करा. ‘काही झालं का?’ विचारू नका. ‘चहाला येतोस का?’ विचारा.

भेटू पुढच्या भागात.