तिळगुळाची मुले आणि आपला उंबरा

सभासद बंधु-भगिनींनो,

गाळप हंगाम ऐन भरात असतो आणि संक्रांत येते. १४ किंवा १५ जानेवारीच्या सायंकाळी वालूरच्या गल्ल्यांतून पोरेसोरे हातात डबा घेऊन घरोघर फिरतात. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचे, द्यायचे, घ्यायचे, पाया पडायचे. दसऱ्याला सोने वाटतात तीही हीच रीत. थंडीत अंगाला स्निग्धता हवी. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते आणि गूळ तर आपल्या उसाचाच. सुगडातसुद्धा बोरे, गाजर, घाट्यांबरोबर उसाचे करवे लागतातच.

पण हल्ली काही मुले डबा रिकामाच नेतात अन् खिसे भरून आणतात. मोठ्या वाड्यावर दोनदा जातात, गरिबाचे दार चुकवतात. मुलांना दोष का द्यावा? आम्ही मोठे तरी काय करतो?

मागे एका संक्रांतीला मी ऊस नोंदीसाठी वालूरला एका सभासदाच्या ओट्यावर बसलो होतो. गावातली मुले येऊन गेली. मग तोडणी टोळीची तीन लेकरे फाटकाशी येऊन उभी राहिली. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "ए, नंतर या रे." मला वाटले, मागायला आली. थोरल्या मुलीने मूठ उघडली. कागदात चिमूटभर तीळ अन् गुळाचा खडा होता. ती द्यायला आली होती! घरची म्हातारी म्हणाली, "सायेब, आधी लेकराचं घ्या की." मी उठून घेतला. त्यांच्या आईबापाने त्याच दिवशी ह्याच घरचा ऊस तोडून गाडी भरली होती. मला मान वर करवेना.

म्हणून चार गोष्टी लिहितो.

मुलांना सांगावे:
१. आधी द्यावे, मग घ्यावे. एका घरी एकदाच जावे.
२. चपला बाहेर काढून हाक मारावी. आजारी माणूस किंवा दुःख असलेल्या घरी गलका करू नये.
३. वडी लहान म्हणून नावे ठेवू नयेत.
४. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे लोंबकळून ऊस ओढू नये. जिवावर बेतते.

आपण पाळावे:
१. तिळगूळ वरून टाकू नये, हातात द्यावा. मुलाचा आधी घ्यावा.
२. गावचे लेकरू अन् कोपीवरचे लेकरू, दोघांना एकाच डब्यातून द्यावे.
३. आपल्या फडात तोड चालू असेल, तर त्या दिवशी एक डबा कोप्यांवर पाठवावा. घरची मुलेच पाठवावीत, म्हणजे ओळख होईल.

टोळी हंगाम संपला की गावी जाते. लेकरे मात्र कोणत्या गावात कसे वागवले, हे विसरत नाहीत. येत्या संक्रांतीला आपल्या गटातला एकही फड डब्यावाचून राहू नये, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी