‘परम रुद्र’ आला, कंपायलरचं काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ महासंगणकांचं लोकार्पण झालं, तेव्हा १३० कोटींचा आकडा सगळ्यांनी छापला. पुण्याचा महासंगणक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या खगोलशास्त्रज्ञांना मिळाला, हेही छापून आलं. पण असल्या यंत्रांवर एकच प्रोग्राम अनेक कोअर्सवर पळवायचं काम ज्याच्या अंगावर पडतं, त्या कंपायलरच्या वाट्याला एक ओळ आली नाही. त्याची फीत कापता येत नाही ना!

अनेक कोअर्स एकाच मेमरीत हात घालत असतील, तर काम वाटून देण्यासाठी १९९७ पासून ओपनएमपी हे मानक आहे. लूपच्या डोक्यावर ‘प्राग्मा’ची एक ओळ लिहायची, बाकीचं कंपायलर बघतो. जीसीसी हा कंपायलर घ्या: तो लूपचा मजकूर उचलून त्याचं वेगळं फंक्शन करतो आणि प्रत्येक थ्रेडला ते चालवायला लावतो. थ्रेड उठवणं, वाटे पाडणं, सगळे येईपर्यंत थांबवून धरणं हे रनटाइम लायब्ररीकडे. दहा थ्रेड एकाच बेरजेत एकदम लिहायला गेले आणि तुम्ही ‘रिडक्शन’ (प्रत्येकाची वेगळी बेरीज करून शेवटी एकत्र करा, ही सूचना) लिहायला विसरलात, तर उत्तर चुकतं. कंपायलर मात्र ब्र काढायला बांधील नाही; मानकानेच त्याला तशी सूट दिली आहे. मला ती फारच उदार वाटते.

मग दर नव्या प्रोसेसरसाठी हे सगळं पुन्हा लिहायचं? ह्यूस्टन विद्यापीठात बार्बरा चॅपमन यांच्या गटाने ओपनयूएच कंपायलर उभारला, तो जुन्या ओपन६४ कंपायलरच्या पायावर. त्यात दोन वाटा ठेवल्या. इंटेलचा इटेनियम प्रोसेसर असेल तर थेट मशीन कोड काढायचा. दुसरं यंत्र असेल तर ओपनएमपीचा भाग सोडवून झाल्यावर पुन्हा साधं सी किंवा फोर्ट्रान बाहेर काढायचं आणि पुढचं काम त्या यंत्राच्याच कंपायलरवर सोपवायचं. यात तोटा आहेच. मूळ लूपबद्दल ओपनयूएचला आधी जे कळलं होतं, त्यातलं बरंच पुढच्या कंपायलरला कळत नाही. त्याला पॉइंटरांचा गुंता दिसतो, आणि तो जपूनच ऑप्टिमाइझ करतो. शुद्धतावादी नाकं मुरडत. पण २०२१ मध्ये इंटेलने इटेनियम पुरवणं बंद केलं आणि त्याच्यासाठीची थेट मशीन कोडची ऐटीची वाट यंत्रासोबतच संपली. सी कुठे संपलंय? माझं मत तेव्हापासून या दुसऱ्या, ‘कमअस्सल’ वाटेच्या बाजूने आहे.

अर्थात तंत्र कितीही पोर्टेबल असो, ते पुरवायचं की नाही हे कंपन्या ठरवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएमपी ६.० आलं. मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरचा साधा ओपनएमपी पर्याय मात्र २००२ च्या २.० आवृत्तीवरच अडकलेला. २००८ साली मानकात आलेले ‘टास्क’ त्यात चालत नाहीत. ॲपल आपल्या क्लँग कंपायलरसोबत रनटाइम लायब्ररीच देत नाही, ती मॅकवाल्यांनी वेगळी मिळवून बसवायची.